क्लाइव्ह रोजवॉर्न यांची मुकी टोपी

क्लाइव्ह रोजवॉर्न यांनी आयुष्यभर पियानो सुरात लावले. ऑस्ट्रेलियातल्या डनोलीपासून बेंडिगोपर्यंत ज्या घरात पियानो होता, त्या घरात त्यांची हत्यारांची पेटी कधी ना कधी उघडली होती. त्यामुळे उरलेलं जगही आपणच सुरात लावायचं आहे, अशी त्यांची हळूहळू समजूत झाली. बेकरीतल्या भट्टीची शिट्टी त्यांच्या मते पाव सूर चढी होती. शेजाऱ्याचा कोंबडा बेसूर होता आणि तसं त्यांनी शेजाऱ्याला सांगितलंही होतं. माझ्या औषधाच्या दुकानात शिरले की आधी दारावरच्या घंटेबद्दल तक्रार आणि मग औषधाची चिठ्ठी.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांची बोटं संधिवातानं आखडली. बऱ्याच गोळ्या झाल्या, मलमं झाली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी औषधी गांजा लिहून दिला. चिठ्ठी माझ्याकडे आली तेव्हा क्लाइव्ह इकडंतिकडं बघत म्हणाले, "पेठे, हे आपल्या दोघांत राहू दे."

मी कुणाला बोललो नाही. गरजच पडली नाही. रविवारी प्रार्थना संपायच्या आत सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं.

औषध ओढायला त्यांनी पोलादाची बोटभर नळी मागवली. तिला ना बॅटरी ना बटण. टोकात चिमूटभर पाला भरायचा, वर टोपी बसवायची आणि गॅसच्या लायटरची निळी आच टोपीवर धरून नळी बोटांत फिरवत राहायचं. टोपीत धातूच्या पातळ चकत्या असतात. पुरेसं तापलं की त्या वाकतात आणि 'टिक' असा आवाज येतो. लगेच आच काढायची आणि ओढायचं. टिक झाल्यावरही तापवत राहिलं तर पाला जळतो, वाफेऐवजी धूर येतो आणि माणूस खोकून खोकून बेजार होतो.

सुरुवातीचे काही आठवडे सगळं छान चाललं. मग एकदा क्लाइव्ह लालबुंद डोळ्यांनी दुकानात आले.

"टोपी मुकी झाली," ते म्हणाले. "टिक करत नाही. तापवतोय, तापवतोय, आणि शेवटी घशात शेकोटी."

"आधी करत होती?"

"आधी काय झालं, मला अंदाज होता. व्हर्ना स्वयंपाकघरातून 'क्लाइव्ह, चहा' म्हणून हाक मारायची, मी आच काढायचो, आणि नेमकं तेव्हाच बरोबर तापलेलं असायचं. योगायोग. आता ती बहिणीकडे गेलीय तर रोज जळतंय."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी दुकानदार माणूस, टोपी स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा म्हणालो. चकत्यांवर चिकटा बसला की आवाज दबतो, हे खोटं नव्हतं.

त्यांनी टोपी रात्रभर बुडवली. तरी मुकीच. मग ते ती घेऊन गावातल्या म्हाताऱ्यांच्या शेडमध्ये गेले. तिथं निवृत्त पुरुष लाकूड कापतात, खुर्च्या दुरुस्त करतात आणि बायकोपासून चार तास लांब राहतात. टोपीभोवती दोघे जाणकार जमले. लॉरी ट्रेम्बाथनं सगळी नोकरी लाकडाच्या गिरणीत करवतीशेजारी काढली होती. कीथ ओट्स खाणीत सुरुंग लावायचा. दोघांनी टोपी कानाशी धरली, हलवली, पुन्हा तापवली.

"अजिबात वाजत नाही," लॉरी ओरडून म्हणाला. शेडमध्ये सगळे ओरडूनच बोलतात.

"मेलीय ती," कीथ ओरडला.

"आतली कडी सैल असणार. टोपी डगमगते, म्हणून चकतीला नीट ऊब लागत नाही," लॉरीनं निदान केलं आणि चिमट्यानं कडी आत दाबली. टोपी घट्ट बसली, इतकी की काढायला दोघे लागले. आवाज काही आला नाही. मग आच टोकाशी धरून पाहिली, मुळाशी धरून पाहिली. शेवटी कीथनं चकतीला खिळ्यानं 'जरा मोकळं' केलं, आणि त्या दिवसापासून ती टोपी खरोखरच मुकी झाली.

क्लाइव्हनी नवी टोपी मागवली. तीही वाजेना. आता त्यांना संताप आला. बनवणाऱ्यांना त्यांनी लांबलचक पत्र लिहिलं. त्यात आपण कोण, आपला कान कसा, कुठल्या कुठल्या सभागृहांनी आपल्याला बोलावलं होतं हे सगळं होतं आणि टोपीबद्दल तळाला दोन ओळी होत्या. टपालात टाकण्यापूर्वी ते पत्र मला वाचून दाखवायला आले. बरोबर त्यांच्या पत्नी व्हर्नाबाई होत्या, बहिणीकडून परतलेल्या.

"टाकण्याआधी मला एकदा टोपी तापवून दाखवता का?" मी म्हणालो.

आम्ही मागच्या अंगणात गेलो. वारा नव्हता, रस्त्यावर गाडी नव्हती. क्लाइव्हनी रिकाम्या नळीवर टोपी चढवली, आच धरली, नळी फिरवू लागले.

टिक.

स्वच्छ, खणखणीत आवाज. कुंपणावरच्या मॅगपाय पक्ष्यानंसुद्धा मान वळवली. क्लाइव्ह नळी फिरवतच होते.

"बघा," ते म्हणाले. "ढिम्म."

मी व्हर्नाबाईंकडे पाहिलं. त्या आपल्या चपलांकडे बघत होत्या.

"व्हर्नाबाई," मी म्हणालो, "तुम्ही चहाची हाक नेमकी कधी मारायचात?"

क्लाइव्हनी आच काढली.

"टिक झालं की," त्या म्हणाल्या.

"कसलं टिक?" क्लाइव्ह म्हणाले.

"क्लाइव्ह, ती वाजते रे. पहिल्या दिवसापासून वाजतेय. मला ओट्यापाशी ऐकू येतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला? तुझ्या कानाबद्दल? पाद्रीबुवांना जाऊन देव नाही म्हणून सांगणं सोपं."

तेवढ्यात टोपी निवली, वाकलेल्या चकत्या सरळ झाल्या आणि पुन्हा टिक झालं. क्लाइव्हना आम्हा दोघांचे चेहरे हललेले दिसले, आवाज आला नाही. त्यांनी पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली.

पुढच्या आठवड्यात क्लाइव्ह मेरीबरो शहरात कान तपासून आले. वरचे सूर गेले आहेत, तिथल्या बाईनं सांगितलं. एकदम नाही, थोडे थोडे, बऱ्याच वर्षांत. परतताना क्लाइव्ह घरी जायच्या ऐवजी चर्चपाशी थांबले. ईनिड पॅस्को तिथं रविवारच्या भजनांचा सराव करत होती. गेली कितीतरी वर्षं तीच पियानो वाजवते.

"ईनिड, वरचं सप्तक वाजव," ते म्हणाले.

ईनिड घुटमळली. "तिकडं मी हल्ली जात नाही."

"का?"

"तिकडं... जरा कसंसंच लागतं."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"आणि कुणी मला बोललं नाही?"

"तुम्ही लावलेला होता ना," ईनिड म्हणाली. "मला वाटलं माझाच कान गेला. मी तर डॉक्टरकडेही जाऊन आले."

मग खोदून विचारल्यावर एकेक बाहेर पडलं. शाळेच्या पियानोवर पोरं दात आवळून शिकली होती. दोन घरांनी आपले पियानो चक्क विकून टाकले होते, कारण इतक्या मोठ्या माणसानं लावूनही बेसूर लागतो म्हणजे वाद्यातच खोट असणार. साऱ्या तालुक्यानं एका माणसाच्या नावासाठी आपल्या कानांवर अविश्वास दाखवला होता. क्लाइव्हना हे ऐकून रडू यावं की फुगून जावं ते कळेना. व्हर्नाबाई म्हणतात, त्या संध्याकाळी थोडं थोडं दोन्ही झालं.

कानातलं यंत्र त्यांना मिळालं. ते टीव्हीपुरतं वापरतात, कारण त्यातून पियानो पत्र्याच्या डब्यासारखा ऐकू येतो. टोपीचा प्रश्न मात्र त्यांनी स्वतःच सोडवला. चकती वाकताना नळीला बारीकसा धक्का बसतो. दुखऱ्या बोटांनाही तो कळतो, नळी दाबून न धरता हलकी धरली तर. आता ते डोळे मिटून नळी फिरवतात आणि अचूक वेळी आच काढतात. व्हर्नाबाईंचा चहा त्यानंतर केव्हाही येतो, बहुतेक उशिरा.

चर्चचा पियानो दोघांनी मिळून पुन्हा लावला. क्लाइव्ह चावी फिरवत आणि व्हर्नाबाई पहिल्या बाकावर बसून सांगत.

"वर घे."

"किती?"

"मला काय माहीत किती. वर घे. अजून. आता फार झालं."

"फार म्हणजे?"

"म्हणजे शेजाऱ्याचा कोंबडा."

दोन दुपारी भांडून काम संपलं. रविवारी ईनिड पहिल्यांदाच भीत भीत वरच्या सप्तकात गेली आणि सूर काचेसारखे स्वच्छ वाजले. प्रार्थनेनंतर दारात लॉरी ट्रेम्बाथनं क्लाइव्हचा हात धरला.

"पियानोला काहीतरी झालंय रे," तो कळवळून म्हणाला. "पूर्वीसारखा नाही वाटत. एकदा बघून घे तू."