सिमबाईची मैत्रीण

आमच्या सासूबाई सिंगापूरला आल्या त्या माझ्यावर उपकार करायला. हे माझे शब्द नाहीत, त्यांचे. पण खोटंही नव्हतं ते. २०१४ साल होतं, यशोधरा जेमतेम दीड वर्षाची होती. मी चांगी बिझनेस पार्कमधल्या एका ऑफिसात सकाळी शिरायचे ती अंधार पडल्यावरच बाहेर यायचे. माझा नवरा रत्नदीप युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत. त्याला घराचा पत्ता आठवायचा हेच नशीब. तेव्हा मीराबाई, म्हणजे आमच्या आई, पिंपरीचं घर बंद करून, लोणच्याच्या दोन बरण्या घेऊन सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये दाखल झाल्या.

आई निवृत्त शिक्षिका. महापालिकेच्या शाळेत जन्मभर त्यांनी चौथीचा वर्ग सांभाळला आणि समोर कोणीही असलं तरी तो चौथीतला आहे असं धरूनच त्या बोलायच्या. मला, माझ्या आईवडिलांना, विमानतळावरच्या अधिकाऱ्यालासुद्धा. आल्या आल्या आठवड्यातच त्यांनी निकाल दिला. "प्रणिता, हा देश स्वच्छ आहे, पण इथे माणसं बोलत नाहीत. लिफ्टमध्ये सगळे आकडे बघत उभे असतात."

मी म्हटलं, "आई, भाषा कळत नाही ना एकमेकांची."

"पिंपरीत तरी कुठे कळायची? मजल्यावर तमिळ होते, बिहारी होते. बोलायचं असलं की माणूस बोलतो."

त्यांना बोलायचं होतं, हे खरं. दिवसभर दीड वर्षाच्या पोरीशी किती बोलणार?

एका रविवारी त्यांनी सुकट भाजायला घेतली. मी धावत जाऊन खिडक्या उघडल्या, पंखा लावला, त्यांच्यावर चिडलेसुद्धा. आमच्या आधीच्या घरी वासावरून शेजाऱ्यांनी तक्रार केलेली, त्यामुळे मी दुधाने तोंड पोळलेली. एवढ्यात बाहेरच्या लोखंडी जाळीशी शेजारच्या सिम आंटी येऊन उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, बुटक्या, फुलाफुलांचा सुती ब्लाऊज आणि अर्धी विजार. मी "सॉरी, आंटी" म्हणायला तोंड उघडलं, तर त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. मान उंचावून कढईकडे बघत होत्या. मग तशाच परत गेल्या आणि वाटीभर वाळवलेली कोळंबी घेऊन आल्या. आमच्या सुकटीची थोरली बहीणच ती. आईंनी एक कोळंबी उचलून वास घेतला, चावली, आणि जाळी उघडून त्यांना सरळ स्वयंपाकघरात नेलं. तेवढ्यावर गट्टी जमली.

दुसऱ्या दिवशी आई त्यांच्या घरी गेल्या. परत आल्या त्या पारा चढवूनच.

"त्यांच्याकडे बुद्धाची मूर्ती आहे. मी हात जोडले, मला इतका आनंद झाला! आणि बघते तर शेजारी तलवार घेतलेला लाल तोंडाचा दाढीवाला उभा. खाली चुलीपाशी आणखी एक. त्यांच्यापुढे संत्री काय, उदबत्त्या काय!"

"असतील त्यांचे देव," मी म्हटलं.

"बुद्धाला देवांच्या रांगेत बसवू नये म्हणून माझ्या बाबांनी आयुष्य घातलं. मी सांगणार आहे तिला."

सांगत राहिल्या, दोन वर्षं, रोज. शुद्ध मराठीत. सिम आंटी तेओच्यू बोलायच्या. ती त्यांची चिनी बोली, तिच्यातलं आम्हाला ओ की ठो कळायचं नाही. आई समजावून सांगायच्या, सिम आंटी मान डोलवायच्या आणि मग त्याहून लांब काहीतरी त्या स्वतः सांगायच्या. आई म्हणायच्या, "सिमबाईला आता पटायला लागलंय." बुद्धपौर्णिमेला आईंनी खीर करून पाठवली, तर सिमबाईंनी अर्धी बुद्धापुढे ठेवली आणि अर्धी त्या लाल तोंडाच्यापुढे. आईंनी कपाळावर हात मारला. पण पुढच्या वर्षी त्यांनीच खीर दोन वाट्यांत भरली. "ती वाटून टाकणारच, निदान सांडायची तरी नाही," असं काहीतरी कारण दिलं.

सकाळी दोघी यशूची गाडी ढकलत मार्केटला जायच्या. सिमबाई कोळणीशी भांडून आईंना ताजी मासळी मिळवून द्यायच्या. आई त्यांच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून द्यायच्या. कधीकधी दोघी एलआरटीत, म्हणजे इथल्या छोट्या लोकलमध्ये, बसून नुसता एक फेरा मारून परत यायच्या, पुंगोलची खाडी बघून. यशू तेओच्यूचे चार शब्द बोलायला लागली आणि मराठीत विचारलं की इथल्या लोकांसारखं वाक्याला "लाह" जोडून "नो लाह, आजी" म्हणायला लागली. सिमबाईंचे यजमान पक्षाघाताने चाकाच्या खुर्चीत होते, कॉरिडॉरमध्ये रेडिओ ऐकत बसायचे. आई जाता-येता त्यांच्याशीही बोलायच्या. ते एका बाजूने हसायचे.

सिमबाईंना एकच मुलगा, डेस्मंड, बिशानला राहायचा. सभ्य माणूस, दर रविवारी यायचा, आईवडिलांची औषधं, तांदळाची पोती सगळं बघायचा. तो आणि त्याची बायको ख्रिश्चन झालेले. देव्हाऱ्याकडे तो पाठ करून बसायचा. मायलेकांत त्यावरून कधी आवाज चढलेला आम्ही ऐकला नाही, पण तो आला की सिमबाई उदबत्ती लावायची थांबायच्या, एवढं आईंच्या लक्षात आलं होतं.

२०१६ मध्ये सिमबाईंचे यजमान गेले.

इथे माणूस गेला की इमारतीच्या खालच्या मोकळ्या तळमजल्यावर मांडव घालतात. शवपेटी, फोटो, फुलं, गोल टेबलं, शेंगा, थंड चहाची खोकी. लोक काही दिवस येत-जात राहतात. आणि घरच्या बायका एका टेबलाशी बसून सोनेरी-रुपेरी कागदांच्या घड्या घालतात, छोट्या होड्यांसारख्या. ते मेलेल्या माणसाचं सोनं. जाळलं की त्याला तिकडे पोचतं, अशी समजूत.

त्या दुपारी मी रजा टाकली होती. आई पांढरं लुगडं नेसून माझ्याबरोबर खाली आल्या. कागदाच्या टेबलाशी सिमबाई एकट्याच होत्या. समोर कागदाची चळत, शेजारी दोन रिकामी पुठ्ठ्याची खोकी. डेस्मंड आणि त्याची बायको मांडवाच्या तोंडाशी लोकांचं स्वागत करत होते, कागदाला हात लावत नव्हते. सुनेच्या गळ्यातला क्रॉस आज कपड्यांवर होता.

आई शेजारी बसल्या, सिमबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. सिमबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी कागदांचा एक गठ्ठा आईंच्या पुढ्यात सरकवला आणि एक घडी सावकाश घालून दाखवली, पोरांना दाखवावी तशी.

आईंनी हात मांडीवर घेतले.

कारण मला माहीत होतं. आईंचे वडील देहूरोडला दारूगोळ्याच्या डेपोत हमाल. छप्पन साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आले, आणि पुढच्याच वर्षी गावी त्यांची आई वारली. दीक्षा घेताना प्रतिज्ञा केली होती, श्राद्ध करणार नाही, पिंड पाडणार नाही. भावकीने दहाव्याचा हट्ट धरला. आईंचे वडील नाही म्हणाले. सख्ख्या भावाने घराचं दार लावून घेतलं ते कायमचं. नऊ वर्षांच्या मीराला घेऊन ते रात्र काढायला एसटी स्टँडवर बसले होते. ती गोष्ट आईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सांगितली होती, घरातल्या चालीरीती सांगाव्यात तशी.

सिमबाईंनी गठ्ठा आणखी जवळ सरकवला. आईंनी हात जोडले. "नाही गं, सिमबाई. हे नाही जमणार मला."

सिमबाईंनी लेकाला हाक मारली. तो आला, त्यांचं ऐकलं, मग मला इंग्रजीत म्हणाला, "मा विचारतेय, आंटी पण बुद्धिस्ट ना, मग का नाही?"

मी आईंना विचारलं. आईंनी सगळं सांगितलं, एसटी स्टँडसकट. मी इंग्रजी केलं, त्याने तेओच्यू केलं. शेवटी त्याने आपल्या पदरचं काहीतरी घातलं आणि आमच्या आईंकडे दोनदा बोट केलं. सिमबाईंची मान खाली गेली.

"काय म्हणाला तो?" आईंनी विचारलं.

मी त्याला विचारलं. तो जरा सुटल्यासारखा हसला. "मी म्हटलं, बघ मा, आंटी ऑल्सो बुद्धिस्ट, शी ऑल्सो डोन्ट डू. नॉट ओन्ली मी, लाह."

मी तसंच्या तसं सांगितलं. आई उठल्या आणि घरी आल्या.

संध्याकाळभर भांडी आपटत होत्या. "माझ्या बापाच्या नावानं हा आईला गप्प करतो! बाबांनी घर गमावलं त्यापायी. ह्यानं काय गमावलं? गमावतेय ती." रत्नदीप म्हणाला, "आई, पण तू बरोबर केलंस. आजोबांनी हेच केलं असतं." त्यावर आई त्याच्याकडे अशा बघत राहिल्या की त्याने ताट उचललं आणि आत जाऊन जेवला.

मला सासूबाईंचा राग येत होता आणि त्यांच्यासाठी रडूही येत होतं. एक कागद, चार घड्या! माझ्या माहेरी आम्ही बौद्धच, पण माझ्या आजीने गपचूप काय काय केलेलं मी पाहिलंय, आणि मला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण माझा बाप माझ्यासमोर एसटी स्टँडवर बसला नव्हता. तो फरक मला कळत होता.

दुसऱ्या दिवशी आईच म्हणाल्या, "चल खाली."

सिमबाई तिथेच होत्या. एक खोकं अर्धं भरलेलं. बोटं सोनेरी झालेली. आई आधी त्यांच्याकडे गेल्याच नाहीत, डेस्मंडसमोर जाऊन उभ्या राहिल्या. तो चौथीत होता त्या क्षणी.

"प्रणिता, सांग त्याला. तुझा देव नको म्हणतो ना, नको लावूस हात. मीही नाही लावला. पण आईशेजारी बसू नको, असं कुठला देव सांगतो?"

मी सांगितलं. जमेल तितकं मऊ करून सांगितलं, पण हे वाक्य मऊ होत नाही. तो लाल झाला. खुर्च्या सरळ करायला लागला.

आई कागदाच्या टेबलाशी येऊन बसल्या. बराच वेळ सिमबाईंच्या बोटांकडे बघत होत्या. घडी दोनदा चुकली. मग आईंनी हात लांब केला आणि चळतीवरून एक कागद घेतला. समोर ठेवला, कोपऱ्याला कोपरा जुळवला. मी बघत होते. थांबवावं की नाही तेच कळेना.

सिमबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

घट्ट धरलं. दुसऱ्या हाताने तो कागद आईंच्या बोटांतून सोडवून घेतला आणि मान हलवली. काहीतरी बोलल्या. आई माझ्याकडे बघायला लागल्या, मी डेस्मंडकडे. तो खुर्च्या सोडून जवळ आला होता.

"मा म्हणतेय, नको," तो म्हणाला. मग थांबला, सिमबाईंना पुन्हा विचारलं, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "म्हणतेय, आंटीच्या वडिलांना वाईट वाटेल."

मेलेल्या माणसाला काही वाटत नाही, हे आईंनी मला शिकवलं होतं, रत्नदीपला शिकवलं होतं, सिमबाईंना तर दोन वर्षं रोज शिकवलं होतं. पण सिमबाईंचं हे वाक्य मी मराठीत सांगितलं तेव्हा त्यांनी ते दुरुस्त केलं नाही. पदर तोंडाला लावला आणि रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. सासरे गेले तेव्हाही नाही.

सिमबाईंनी शेंगांची ताटली त्यांच्यापुढे सरकवली आणि आपल्या घड्या घालायला लागल्या. जरा वेळाने डेस्मंडने एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि सिमबाईंच्या पलीकडच्या बाजूला बसला. कागदाला त्याने हात लावला नाही. एक शेंग सोलली, दाणे आपल्या आईच्या पुढ्यात टाकले. मग दुसरी सोलली.

घरी आलो तेव्हा रत्नदीप दारातच होता. त्याला खालून येणाऱ्या कुणीतरी सांगितलं असावं, किंवा तो स्वतःच खाली येऊन दुरून बघून गेला असेल. चपला काढायच्या आधीच त्याने विचारलं, "आई, तू कागद घेतलास?"

"घेतला."

"घडी घातलीस?"

"नाही. सिमबाईनं घालू दिली नाही."

त्याचा जीव भांड्यात पडला, ते चेहऱ्यावर दिसलंच. "बरं झालं," तो म्हणाला.

आई भिंतीला धरून उभ्या होत्या. "बरं झालं म्हणू नकोस, रत्नदीप. मी घालणार होते."