थोरल्यांनी घाम पुसला तेव्हा

मला मासळी फार आवडते हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्या मोठेपणाबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको. ओरत्तनाडूजवळच्या या गावात आम्ही मराठे पिढ्यान्‌पिढ्या राहतो. घरात मराठी बोलतो, बाहेर तमिळमधून भांडतो, आणि माशाचं कोळंबू, म्हणजे आंबट कालवण, चिंच घालून मातीच्या भांड्यातच करतो. त्याला मरळच हवी, आणि तीही आमच्या एरीतली. एरी म्हणजे गावाबाहेरचं मोठं तळं.

मध्यंतरी ही एरी रिकामी झाली. पाणी होतं, पण मासा नव्हता. मच्छरदाणीसारख्या बारीक जाळ्या टाकून लोकांनी बोटभर पिल्लंसुद्धा उपसून नेली होती. माझ्या दारी मासळी आणणारी बाई मग मल्लिपट्टणमहून बर्फातली समुद्राची मासळी आणू लागली. शिळ्याला ताज्याचा भाव लावतेस म्हणून मी तिच्याशी हुज्जत घालायची. तुमच्यासाठी समुद्र उचलून दारात आणू का, असं ती उलट विचारायची. आमचं दोघींचं हे छान चाललं होतं. पण तिचा नवरा जन्मापासून एरीवरचा माणूस, तो नुसता बसून होता. तिरुप्पूरच्या बनियनच्या कारखान्यात जायचं म्हणून त्याने निळी रेक्झिनची पिशवी भरून दाराजवळच्या खिळ्याला टांगली होती. तो गेला की पाठोपाठ तीही मुलींना घेऊन जाणार, हे सगळ्यांनाच कळत होतं.

अखेर एरीवर पोट असलेल्या घरांनीच बांधावरच्या चिंचेखाली बसून ठरवलं. बारीक जाळी कुणी टाकायची नाही, आणि एरी दोनदा भरेपर्यंत मासा धरायचाच नाही. आपापल्या जाळ्या त्यांनी स्वतःच फाडल्या. मग गाव हललं. जलपर्णी काढायला मीही गेले होते, पण जरा वेळाने कंबर धरून परत आले. कालव्यात सापडलेल्या मरळींच्या जोड्या आणून एरीत सोडल्या. एरी भरू दे, मग काय ते ठरव, असं मासळीवालीने नवऱ्याला बजावलं. पिशवी खिळ्यावरच राहिली.

एरी दुसऱ्यांदाही भरली. उन्हाळ्यात पाणी उतरलं तसा मासे धरायचा सण जवळ आला. या सणाला कुणालाही एरीत उतरता येतं, परगावच्यांनासुद्धा, आणि सण टाळला तर पाऊस रुसतो असं इथे मानतात. त्यामुळे तो टाळायची सोय नव्हती. एवढं राखलेलं एका सकाळीत संपलं, तर ती पिशवी निघालीच म्हणायची. शेवटी थोरल्यांनी, म्हणजे आमच्या गावप्रमुखांनी, जुने नियम पुन्हा लावले. जाळं नाही, फक्त ऊत्ता, म्हणजे बुडाशिवायची वेताची टोपली. ती पाण्यात दाबायची आणि वरून हात घालून मासा चाचपायचा. त्या दिवशी धरलेला मासा विकायचा नाही, घरी शिजवायचा. आणि मधल्या डोहात कुणी जायचं नाही, कारण वळवाच्या सरींनंतर मरळींनी तिथेच पिल्लं काढली होती. सुरुवात होण्याआधी डोहाभोवती दोरी बांधायची होती.

रीत अशी की गावचे थोरले बांधावर उभं राहून पांढरा टॉवेल हलवतात आणि मग सगळे उतरतात. त्या दिवशी अर्धा तालुका टोपल्या घेऊन काठावर उभा होता. ऊन मरणाचं. दोरी घेऊन माणसं अजून पाण्याशी पोचतच होती, तेवढ्यात थोरल्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, घाम पुसला आणि सवयीने झटकला.

झालं. सगळी गर्दी पाण्यात. थोरले वरून थांबा थांबा म्हणत टॉवेल हलवत होते, त्याने लोकांना आणखीच जोर चढत होता.

मासळीवालीने पदर खोचला आणि ती सरळ डोहाकडे धावली. तिच्यामागे एरीवर पोट असलेल्या घरांतल्या बाकीच्या बायका. हातात हात धरून त्या डोहाभोवती छातीभर पाण्यात उभ्या राहिल्या. एका बाजूला हात पुरेनात, तिथे मी शिरले. गुडघ्याचं औषध कालच बदललंय, असं आमचे यजमान काठावरून ओरडत होते. पण मला संताप आला होता. एवढे दिवस मी बर्फातली मासळी खाल्ली, ती काय यांच्यासाठी?

शेजारच्या गावचा एक आडदांड गडी टोपली उचलून आमच्यासमोर आला. मासळीवाली त्याच्यावर ओरडली नाही.

"अण्णा, इथे लेकरं आहेत," ती म्हणाली. "तिकडे धरा."

त्याने आमच्या मागे पाहिलं. पाण्याच्या वरच्या थरात लालसर पिल्लांचा घोळका वळवळत होता. त्याने टोपली खाली घेतली, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि मागून येणाऱ्यांना स्वतःच दटावू लागला. मग दोरी आली. ती मासळीवालीच्या नवऱ्याने बांधली.

संध्याकाळी गावभर कोळंबूचा वास होता. माझ्याकडून एकही मासा धरला गेला नव्हता, तरी असं समाधान मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. मासळीवाली दारात आली आणि तिने एक पिशवी माझ्या हातात दिली; मी तिच्यातली मोठी मरळ परातीत ओतली. केवढ्याला, असं मी सवयीने विचारलं. आज विकायची नाही ना, म्हणून ती हसली. तेव्हा माझं लक्ष हातातल्या पिशवीकडे गेलं, ती खिळ्यावरची निळी पिशवी होती.

"यांनीच यात मासे भरले, अक्का," ती म्हणाली. "आता हिचा वास जायचा नाही. ही घेऊन तिरुप्पूरच्या बसमध्ये कोण बसू देईल?"

दुसऱ्याचं भांडं असो की पिशवी, मी धुतल्याशिवाय कधी परत करत नाही. ती मात्र मी तशीच तिच्या हातात दिली.