शमीमच्या घरचं दही

हे मी आजवर कुणाला बोललेली नाही. आमच्या ह्यांना नाही, पोटच्या पोरीला नाही. वर्षातून एकदा आमचा मोठा उपास असतो, त्या दिवशी सगळ्या चुका देवासमोर कबूल करायच्या असतात — तिथंसुद्धा ह्या एका गोष्टीला वळसा घालून मी पुढं जाते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आज शुक्रवार आहे, ऊन कललंय, आणि ह्या वेळी माझं लक्ष मागच्या दाराकडं जातंच जातं.

मी रूथ. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. माझं माहेर अलिबागकडचं, नारळाच्या मुलखातलं. लग्न होऊन सोलापुरात आले आणि इथं मटणात शेंगदाण्याचा कूट घालतात हे पाहून नाक मुरडलं. तोराच फार होता मला. हे रेल्वेत होते. तेव्हा आमची चार घरं तरी होती इथं. एकेक करून कुणी पुण्याला गेलं, कुणी इस्राएलला, आणि आम्ही तेवढे राहिलो.

शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ लागतो. सासऱ्यांपासून आमच्या घरात तो कडक पाळायचे — विस्तव पेटवायचा नाही, विझवायचा नाही, दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही. आणि मटणाच्या जेवणात दूध, दही, तूप काही चालत नाही. भांडीसुद्धा वेगळी. म्हणून आमचा रस्सा नारळाच्या दुधातला. मटणही आमच्या रीतीनं कापलेलंच लागतं. ते हे पुण्याहून बर्फात घालून आणायचे. आता एवढं सगळं सांभाळायला घरात मी एकटी. पण एकटी कुठं होते? शमीम होती की.

शमीम आमची शेजारीण, भिंतीला भिंत लागून घर. तिचा नवरा टेम्पो चालवायचा. शुक्रवारी आपल्या घरची जेवणं उरकली की ही मागच्या दारानं आत यायची, आणि न विचारता कोथिंबीर निवडायला बसायची. मटणाचं पातेलं कुठलं, दुधाचं कुठलं, हे माझ्या रिनाच्या आधी तिला पाठ झालं होतं. मी घाईत चुकीचा डाव उचलला तर तीच माझा हात धरायची. आमचं जेवण होईपर्यंत मागच्या पायरीवर बसून राहायची, मग उठून गॅस बंद करायची, दिवे घालवायची. हे तिला सांगायची आम्हाला मुभा नसते. ती आपणहून करायची. ‘तुमचा देव लई कडक हाय, वैनी,’ म्हणायची, ‘बटनंबी मोजतो.’ आणि हसत अंधारातूनच आपल्या घरी जायची.

काय बोलायचो आम्ही इतकं? आठवत नाही. तिच्या सासूचं, माझ्या नणंदेचं, पाण्याचं, पोरांचं — काहीही. सख्ख्या बहिणीशी मी तेवढं बोलले नसेन. तिच्या ओढणीला सुपारीचा वास असायचा, आणि मसाला वाटताना ती एकच गाणं गुणगुणायची, तेही अर्धंच; पुढचं तिला येत नव्हतं. त्या अर्ध्या गाण्यासाठी मी आज काय वाट्टेल ते देईन. खरंच देईन.

येते मुद्द्यावर. टाळतेय, कळतंय मला.

फ्लोरावन्सं, माझी मोठी नणंद, इस्राएलहून आल्या होत्या. बरोबर त्यांचे यजमान आणि त्यांच्या ओळखीचं तिकडचं एक जोडपं. तिकडं जाऊन वन्सं आमच्याहून जास्त पाळायला लागल्या होत्या. आणि आमची रिना बारावी होऊन घरी होती. तिला तिकडं नेऊन नर्सिंगला घालायचं वन्सं मनावर घेत होत्या. त्या जोडप्याला त्यांनी वाटेतच सांगून ठेवलं होतं, ‘रूथच्या हातचं मटण म्हणजे आमच्या आईच्या हातचं.’ हे ऐकून मी किती फुगले असेन, विचार करा.

त्या शुक्रवारी गाडी लेट झाली आणि मटण दुपार टळल्यावर घरी आलं. ते शिजायला टाकलं, नारळ फोडला — नासका. दुसरा फोडला, तोही तसाच. तिसऱ्याला नुसता वास. शमीम अजून यायची होती, बाजार लांब, दिवे लावायची वेळ डोक्यावर आलेली. पातेल्यात हिरवा मसाला आणि पाणी. शेंगदाण्याचा कूट घालता आला असता. डबा समोर होता हो! पण मग आईच्या हातचं कुठं राहिलं?

भिंतीवरून हाक मारली आणि शमीमकडं वाटीभर दही मागितलं. ‘आज कशाला, वैनी? आज तर मटण हाय की.’ मी म्हटलं, रिनाच्या केसांना लावायचंय. कसं पटकन सुचलं, बघा. तिनं दिलं. मी आत आले आणि ते घोटून रस्स्यात ओतलं.

थोड्या वेळानं ती आली, झाकण काढून तिनं पातेल्यात पाहिलं. मग माझ्याकडं. ‘वैनी, ह्ये दही—’ एवढंच म्हणाली. मी म्हटलं, गप बस. ती गप बसली. कोथिंबीर चिरून दिली, आणि पायरीवर जाऊन बसली.

दिवे लागले. ह्यांनी मनुकांच्या सरबतावर प्रार्थना म्हटली, चपातीचा तुकडा मोडला, सगळ्यांना दिला. रस्सा वाढला. पहिला घास सगळ्यांनी खाल्ला. वन्सं म्हणाल्या, छान झालंय. मग थांबल्या. बोटावर रस्सा घेऊन दिव्याजवळ धरला. घाईत आच मोठी ठेवली होती मी. दही फाटून त्याचे बारीक दाणे झाले होते. वन्संही मूळच्या कोकणातल्याच. त्यांना नारळाचं दूध आणि फाटलेलं दही कळत नाही होय?

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या, मी मागं. मोरीत ती वाटी तशीच पडली होती. आपल्याकडं भांड्यावर नाव घालून घेतात, तसं त्या वाटीवर शमीमचं नाव होतं. वन्संनी ते वाचलं आणि विचारलं, ‘शमीम कोण?’

आणि मी बोलले. कुणी गळा धरला नव्हता माझा. मी म्हणाले, ‘ती मदतीला येते ना, तिनंच घातलं असणार. तिला काय आपल्यातलं कळतंय?’

मागचं दार उघडं होतं. ती पायरीवरच होती. तिला काय आपल्यातलं कळतंय — हे मी तिच्याबद्दल म्हणाले, जिनं कितीदा माझा हात धरून मला सावरलं होतं. ती उठून उंबऱ्याशी आली. माझ्याकडं एकदा पाहिलं. मग वन्संना म्हणाली, ‘चुकलं माझं.’ मोरीतली आपली वाटी उचलली आणि गेली. पाहुण्यांनी शेंगाचटणीशी चपाती खाल्ली. त्या रात्री दिवे कुणी घालवले नाहीत, जळत राहिले.

पुढं काय? वन्संनी ह्यांना सांगितलं, परक्या माणसाला स्वयंपाकघरात घेऊ नका. हे भिडस्त. मला म्हणाले, ‘काही दिवस शमीमला शुक्रवारी नको बोलावूस.’ मी म्हटलं, बरं. बरं म्हटलं मी! पण बोलवायची गरजच कुठं होती? ती आपणहून यायची, आणि आपणहूनच यायची थांबली. भिंतीवरून दिसली की ‘बरं हाय का वैनी?’ म्हणायची. मी म्हणायची, बरं आहे. ईदेला शीरखुर्मा आणायची, अगदी सकाळी, आमच्याकडं मटण शिजायच्या आत. पण उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून द्यायची. ‘आत ये’ हे दोन शब्द माझ्या तोंडून निघायचे नाहीत. आत आली असती तर मला तिच्याशी बोलावं लागलं असतं ना.

रिना गेली तिकडं. नर्स झाली, संसार झाला. पुष्कळ वर्षं मी मनाला सांगत होते, पोरीसाठी केलंस. खोटं आहे ते. मी बोलले त्या क्षणी रिना माझ्या मनात नव्हती. वन्सं काय म्हणतील, एवढंच होतं.

पुढं शमीमनं शेजारचं घर सोडलं, मंगळवेढ्याला थोरल्या मुलाकडं राहायला गेली. आमच्या ह्यांना शेवटच्या आजारपणात तिची फार आठवण यायची. ‘मुद्दाम नसेल गं केलं तिनं,’ म्हणायचे. मी उशाशी बसून मान हलवायची. हे तसेच गेले, तिचीच चूक समजत. आता मी एकटीसाठी पाव किलो मटण करते, नारळाचं दूध घालून. चव जमते. खावंसं वाटत नाही. मागचं दार मात्र अंधार पडेपर्यंत लावत नाही.

वाटलं असेल, संपलं. नाही, सांगायचं ते अजून राहिलंय.

गेल्या वर्षी ती आली. पुढच्या दारानं, सुनेचा हात धरून. केस पार पिकलेले, गुडघे गेलेले. हजला निघाली होती. त्यांच्यात जाण्याआधी सगळ्यांची माफी मागून घेतात. कुणाचं मन दुखवून गेलेलं चालत नाही. मला वाटलं, रीत म्हणून आली असेल. दोन शब्द बोलेल, चहा घेईल, जाईल. ती माझे दोन्ही हात धरून म्हणाली, ‘वैनी, त्या दह्याचं माझ्या मनातनं जात न्हाय. दही माझ्या घरचं. रस्स्यात बघितलं, तरीबी मी गप राहिले. तुमच्या माणसांच्या पोटात नको ते गेलं, आन मी पायरीवर बसून ऱ्हायले. त्येची माफी द्या मला.’

मी खोटं बोलले त्याबद्दल एक अक्षर नाही. तिला तिचीच चूक दिसत होती. इतकी वर्षं उराशी धरून बसली होती ती.

मी काय बोलायला हवं होतं, ते तुम्हालाही कळतंय. मलाही कळत होतं. सून शेजारी बसून ऐकत होती. तिच्यासमोर, त्या परक्या पोरीसमोर, मला लाज वाटली. मी शमीमच्या डोक्यावरून हात फिरवला. हो, हातही फिरवला. आणि म्हणाले, ‘माफ केलं, शमीम.’

ती खूप रडली. म्हणाली, ‘आता निवांत जाते.’ मी तिला रिक्षात बसवून दिलं, गुडघ्यांना जपायला सांगितलं. चढता चढता सून मला म्हणाली, ‘अम्मीनं लई घोर लावून घेतला होता. तुमचं मन मोठं हाय.’

मी म्हणाले, ‘अगं, चालायचंच.’