चिठ्ठीतला परवा

चष्मेवाल्यांच्या दुकानात सगळं परवा होतं. काच बसवायची असो की दांडी जोडायची, गिऱ्हाइकाला उत्तर एकच, "परवा या." हाताला सफाई, नंबर कधी चुकला नाही, पण घाई नावाची गोष्ट या माणसाच्या गावीही नव्हती. त्यांच्या बायकोने हे सत्तावीस वर्षं सोसलं. या महिन्यात मात्र तिचा धीर सुटला.

कारण तिचा धाकटा भाऊ. तो जहाजावर आचारी होता आणि आठ वर्षांत भावाबहिणीची गाठ नव्हती. आता त्याला कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर पाच दिवसांची सुट्टी मिळणार होती, मग पुन्हा दोन वर्षं फिरती. "ताई, तुम्ही दोघं इथेच या. समुद्र बघा, वाळूत लोळा," तो फोनवर म्हणाला. तिला समुद्राचं काही पडलेलं नव्हतं. भाऊ बघायचा होता.

मग सुरू झाली कटकट. चष्म्यावर चमक येते म्हणून व्हिसाचा फोटो तीनदा परत आला. चष्मेवाले उखडले.

"माझ्या काचेवर चमक? त्या फोटोग्राफरलाच दिसत नाही!"

"अहो, मग चष्मा काढून फोटो काढा ना."

"म्हणजे चूक आपली, असं मान्य करायचं?"

विमान दोनदा बदलायचं, तर यांना दोन्हीकडे खिडकी हवी. खिडकी मिळाली, तर पंखावरची नको. तिने कपाळावर हात मारला.

ती हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायच्या खोलीत कामाला होती. तिथे फोन नेता येत नसे, म्हणून तिकीटवाली दुकानात फोन करी. मंगळवारी संध्याकाळी तिला काउंटरवर चष्म्याच्या पाकिटामागे लिहिलेली चिठ्ठी सापडली. "तिकीटवालीचा फोन. जागा परवापर्यंत राखून." तिने बोटांवर मोजलं, गुरुवार. लगेच गुरुवारची रजा टाकली.

गुरुवारी ती ऑफिसात पोहोचली तर तिकीटवाली तिच्याकडे बघतच राहिली. "काकू, मी सोमवारीच कळवलं होतं. जागा काल सहा वाजता सुटल्या."

तिने तिथूनच दुकानात फोन लावला.

"सोमवारी लिहिलं, म्हणजे परवा बुधवारच की," चष्मेवाले शांतपणे म्हणाले. "माझं काय चुकलं?"

"चिठ्ठीवर वार कुठाय?"

"वार कशाला? मला माहीत होता."

"तुम्हाला परवा कळत नाही आणि पर्वा तर नाहीच नाही!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून उभा राहिला.

तिकीटवालीने पुन्हा शोधलं. भावाची सुट्टी संपायच्या आत पोहोचवणारं एकच विमान उरलं होतं आणि त्यात एकच जागा. तीही मधली.

चौपन्न वर्षांत ती एकटी कुठे गेली नव्हती. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "द्या."

दुकानात येऊन तिने तिकीट काउंटरवर ठेवलं. चष्मेवाल्यांचा चेहरा एवढासा झाला.

"एकटी? दोनदा विमान बदलायचंय. हरवलीस तर?"

"रोज दोनशे कात्र्या मोजून देते मी. एक हरवत नाही. मी कशी हरवेन?"

तिला त्यांचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण राग त्याहून मोठा होता. दुकानाच्या पायरीवर येऊन तिने भावाला फोन लावला आणि एकटीच येतेय म्हणून सांगितलं.

तो चाचरत म्हणाला, "ताई, आठ वर्षं झाली गं. मी तुला ओळखणार कसा?"

"सोपं आहे," ती म्हणाली. "विमानतळातून जी बाई सगळ्यांवर डाफरत बाहेर येईल ना, ती मी."