एकशे सत्त्याऐंशी मीटरवरचा तामडा

शालिकराम मेश्राम सौंसरचा. संगमरवराच्या खाणीत पंधरा वर्षं घण मारल्यावर १९८३ साली त्याला सरकारी बोअरिंगवर रोजंदारी मिळाली. सातपुड्यातल्या एका गरम झऱ्याजवळ खोल छिद्र पाडून खाली किती उष्णता आहे ते पाहायचं काम चाललं होतं. मशीन दगडाच्या गोल कांड्या वर आणी. त्या धुऊन, खोलीचा आकडा रंगवून पेटीत ओळीनं मांडणं हे त्याचं काम. शिकला चौथीपर्यंत, पण एकदा हाती आलेला दगड तो विसरत नसे. नव्यानंच लागलेल्या भूशास्त्रज्ञ स्मिता मॅडम पुष्कळसं त्याच्याकडूनच शिकल्या.

एका दुपारी एकशे सत्त्याऐंशी मीटरवरची कांडी फुटून आली. आत बोटभर फट, आणि फटीत तामडा, म्हणजे साहेबलोकांचं गार्नेट, दाण्यादाण्यानं उभा. त्याच्याखाली पिस्त्याच्या रंगाचा थर.

"आमच्या सौंसरचा तामडा दगडात दाबून बसलेला राहते," तो शेजारी उभ्या मॅडमला म्हणाला. "हा मोकळा वाढला. पाण्यानं आणून ठेवला जी."

स्मितानं भिंग लावलं. चुन्याच्या दगडातून फार तापलेलं पाणी फिरलं तरच असं घडतं, कधीकाळी इथं तीनशे अंशांच्या आसपास उष्णता असणार, असं तिनं सांगितलं. त्या दिवशी शालिकरामला जेवणाची आठवणच झाली नाही.

मोठे साहेब यशवंतराव यांनी मात्र महिनाभरापूर्वीच वर लिहून पाठवलं होतं की इथं काही नाही, छिद्र बंद करा. त्यांनी कांडी पाहिली आणि सगळ्यांना बोलावलं. "सौंसरचा ना तू? घरून आणून टाकलास पेटीत."

शालिकरामनं विनवलं, की वरची न् खालची कांडी जोडून पाहा, सांधा जुळते. साहेबांनी जोडून पाहिलं नाही. त्यांनी त्याची पिशवी सगळ्यांदेखत उलटी केली. भाकरी पडली, चुन्याची डबी पडली, आणि मुलीला खेळायला वेचलेली एक चमकती गारगोटी. साहेबांनी तीच उचलून दाखवली. मग स्मिताला विचारलं, कांडी निघताना तू पाहिलीस का?

"मी तंबूत होते, सर."

त्याच दिवशी त्याला काढलं. खाणीत परत गेला तर बातमी त्याच्याआधी पोचली होती. मग तो पांढुर्ण्याला संत्र्याच्या पेट्या उचलू लागला. हमाल त्याला दगडचोर म्हणत, पुढं पुढं तर मालकही. रोजच्या रोज खोलीचे आकडे उतरवलेली त्याची वही इंदूनं, त्याच्या बायकोनं, रागानं चुलीत घातली.

तीन वर्षांनी स्मिता मॅडम त्याच्या दारात आल्या. प्रयोगशाळेत कांडी खरी ठरली होती, त्यावर लेख लिहायचा होता. पण पेट्या तीन पावसाळे उघड्यावर भिजून रंगवलेले आकडे पुसले गेले होते. वही मिळेल का?

"जाळली," इंदू म्हणाली.

शालिकराम खाली बसला आणि आकडे सांगू लागला. कुठं तामडा, कुठं हिरवा थर, कुठं नुसती पांढरी रेघ. मॅडमनी चाळीस आकडे उतरवले. तो थांबला तेव्हा त्यानं विचारलं, "त्या दिवशी तुम्ही माह्या बाजूलेच होत्या ना?"

"माझी नोकरी नवीन होती, शालिकराम."

"आता त जुनी झाली."

मॅडमनी पेनला टोपण लावलं. लेखात यशवंतराव सरांचं नाव पहिलं राहील, त्याला इलाज नाही, एवढं सांगून त्या इटारसीच्या गाडीसाठी निघाल्या.

इंदूनं विचारलं, असं कायले सांगितलं?

"नाही त तिनं चुकीचे लिहिले असते," तो म्हणाला, आणि अंगरखा चढवून पेट्या उचलायला गेला. उशीर झाल्याबद्दल मालकानं त्याला दारातच उभं केलं.