आठ विटा

प्रतिभा मूळची दौंडची, बी.ए. झालेली. लग्न होऊन केंदूरच्या शिवारात आली, तेव्हापासून तिच्या घराला शेजार असा नव्हताच. नवरा, शंभू, सणसवाडीला कंपनीत. त्याची दुसरी पाळी असली की बायकोला तो झोपलेलाच भेटायचा. बोलायला काय ती सासू अनसाबाई आणि दोन मुलं. दहावीतला रुद्र आणि नववीतली मोनिका.

हल्ली मोनिकाही बोलेनाशी झाली होती. शाळेतला मुलींचा खो-खोचा संघ मोडला होता. भांडणतंटा काही नाही, एकेक मुलगी नुसती गळत गेली. कुणाला ऊन लागून काळं पडायची धास्ती, कुणाचा क्लास, कुणाच्या पोटात दुखायचं. खेळाच्या तासाला मुलगे मैदानभर उधळायचे आणि मुली चिंचेखाली एकमेकींच्या वेण्या घालत बसायच्या. सरांनी सांगितलं होतं, शनिवारपर्यंत नऊ नावं आली तर संघ शिरूरला स्पर्धेला जाईल, नाहीतर नाही.

प्रतिभानं न राहवून मुलींच्या आयांना फोन लावले. सगळ्या गोड बोलल्या, हो कुणीच म्हणालं नाही. शेवटची तर समजूतच घालू लागली. "अवो ताई, पोरगी हात धुती, दात घासती, भाज्या खाती, भायेरचं तोंडात घालत न्हाई. आजून काय पायजे?"

प्रतिभानं फोन ठेवला. मोनिकाही हे सगळं करायची. रुद्रला जेवणाआधी हात धुवायला चार हाका माराव्या लागत, वडापावावर त्याचा जीव. पण संध्याकाळी तो मैदानावर नाही असा दिवस उजाडला नव्हता. आणि त्याला कधी कुणी विचारलंही नाही, कशाला जातोस म्हणून.

शनिवारी मोनिका घरी आली, दप्तर ठेवलं आणि न जेवता मागच्या अंगणात गेली. न्हाणीघर बांधून उरलेल्या विटा तिनं एका ओळीत मांडल्या. आठ विटा. दोन्ही टोकांना काठ्या रोवल्या आणि पळायला लागली.

सायकल काढता काढता रुद्र म्हणाला, "एखादी वीट उठली तर सांग गं, व्हिडिओ काढतो."

ती पळतच राहिली. खो-खोत दमलेल्यानं बसलेल्याच्या पाठीवर थाप मारायची, त्याच्या जागी बसायचं. पुढचं पळणं त्याचं. मोनिका विटेवर हात ठेवून खो म्हणायची. वीट तशीच. मग पुढच्या विटेपर्यंतही तीच पळायची. स्वयंपाकघराच्या दारातून प्रतिभाला तिचा श्वास ऐकू येत होता.

अंगणाकडच्या ओट्यावर बसलेल्या अनसाबाई म्हणाल्या, "थांबीव तिला." मग स्वतःशीच बोलल्यासारखं पुढं म्हणाल्या, "माजं निम्मं आयुष्य मेंढरांमागं पळण्यात गेलं. तवा कुणी बस म्हणलं न्हाई. घर बांधलं आन् बाईच्या जातीला बसाया लावलं."

मोनिका विटेशी थबकली. हात गुडघ्यांवर. आता तीही बसेल, प्रतिभाला वाटलं, आणि एकदा बसली की परत उठायची नाही. तिनं पदर खोचला, अंगणात जाऊन मधली वीट बाजूला केली आणि तिच्या जागी उकिडवी बसली.

"आई, तुला न्हाई जमणार."

"बसायला तर येतं."

मोनिका हसली नाही. समोर कांदा काढलेलं मोकळं रान होतं. पाठीमागं काय चाललंय ते प्रतिभाला दिसत नव्हतं. पावलं आली, निघून गेली. पुन्हा आली, गेली. पोटऱ्या भरून आल्या. ती थाप मारणारच नाही की काय, असं मनात येतंय तोच पाठीवर गरम, धुळकट हात पडला.

"खो."

प्रतिभा उठली. गुडघा वाजला, चप्पल तिथंच राहिली. पायांत साडी येत होती, तरी ती काठीपर्यंत पोचली आणि वळसा घालून मागं फिरली.

आईच्या जागेवर मोनिका बसली होती. खांदे वरखाली होत होते. पाठ आईकडं होती आणि मान न वळवता ती वाट बघत होती.