वेगळा पेला

अपेक्षा चार वर्षांची असताना गिरगाव चौपाटीवर तिने कालाखट्टा गोळा चोखला आणि महिन्याभरात तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. कावीळ. इस्पितळात खाटेशेजारच्या स्टुलावर बसून कादंबरीने जे दिवस काढले, त्या दिवसांत तिच्या डोळ्यांपुढे सारखा तो गोळेवाला यायचा. गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी फुटपाथवरून ओढत आणणारा, मधेच नाक शिंकरणारा आणि त्याच हाताने गोळा दाबून काडीवर बसवणारा. पोरगी बरी झाली, शाळेत जाऊ लागली. कादंबरीची किळस मात्र अंगात बसली ती बसलीच.

तेव्हापासून तिच्या पिशवीत स्वतःचा स्टीलचा पेला, ताटली आणि चमचा असे. लग्नाला गेली तरी, सत्यनारायणाला गेली तरी. कुणी अर्धा लाडू मोडून पुढे केला की तिच्या घशाशी येई. उष्ट्या पाण्याच्या बाटलीचं तोंड नुसतं दिसलं तरी ती मान वळवी. बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी होतं, त्यामुळे कशाने काय होतं आणि कशाने काहीच होत नाही, हे तिला नीट ठाऊक होतं. पण शिकलेलं डोक्यात राहतं आणि किळस पोटात, आणि तिच्या पोटाने डोक्याचं कधी ऐकलं नाही.

अशा बाईला मैत्रिणी मिळाल्या त्या नेमक्या एका ताटात जेवणाऱ्या.

चौघींची ओळख परळच्या शाळेच्या फाटकावर झाली. शाळा सुटायची वाट बघत उभ्या असलेल्या आया. मेघना सगळ्यांत मोठ्या आवाजाची, कुठे जायचं, कधी निघायचं, डब्यात काय आणायचं ते ठरवणारी. सुभद्रा शेवटचं जो बोलेल त्याला हो म्हणणारी. आणि शेवंती, घोडपदेवच्या चाळीत राहणारी मालवणी बाई, लालबागला मसाला कुटायच्या डंखावर कामाला. तिच्या पदराला कायम मिरचीचा आणि धण्याचा वास. पोरं मोठी झाली, शाळेचं फाटक सुटलं, पण रविवारी सकाळी एकत्र बाहेर पडायची सवय सुटली नाही.

वर्षभर ऋतू बदलत आणि त्यांचे रविवारही बदलत. चैत्र-वैशाखात पहाटे चौपाटीवर चालायचं आणि येताना ताडगोळे घ्यायचे. शेवंती दाताने साल काढून गर दुसरीच्या तळहातावर ठेवी, दुसरी अर्धा खाऊन तिसरीला देई. कादंबरी पाण्याने धुतलेला एक बाजूला घेऊन, पाठ करून खाई. पावसाळ्यात दादरच्या कठड्यावर कणीस. एकच कणीस तिघींत फिरे, लिंबू-मीठ चोळलेलं, दातांच्या खुणा पडलेलं. समोर समुद्र आपल्या पोटातली सगळी घाण परत किनाऱ्यावर ओकत असे. पिशव्या, चपला, सडलेली फुलं, एकदा तर अख्खी गादी.

"बघ गो बीएस्सी, समुद्रालापण आपला माल नको झाला," शेवंती म्हणायची. ती कादंबरीला बीएस्सीच म्हणे.

"तू आधी तोंड पूस. दाणे लागलेत कणसाचे."

"पुसते. तू बघू नको म्हणजे झालं."

गणपतीत लालबागला घामाने निथळणाऱ्या गर्दीतून चालायचं, दुसऱ्यांच्या दंडांचा ओलावा आपल्या दंडाला लागायचा, पायाखाली चेपलेले पेढे. घरी येऊन कादंबरी साडीसकट नळाखाली उभी राही. होळीला तर ती दारच उघडत नसे. तरी पुढच्या रविवारी सहाच्या ठोक्याला ती भारतमाता टॉकीजच्या नाक्यावर उभी. तिला यांच्याशिवाय करमत नव्हतं, आणि यांच्या जेवण्या-पिण्याकडे बघवतही नव्हतं. तिघींनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही, असं तिला वाटत होतं.

गेल्या वर्षी थंडीत शेवंती खोकू लागली. कुणाला काही वाटलं नाही. डंखावरची बाई खोकायचीच, मिरची नाकातोंडात जाते. शेवंती स्वतःच सांगे, "ब्याडगीचा सीझन आहे, जाईल." ब्याडगीचा सीझन संपला, मसाल्याचे दिवस संपले, पावसाळ्यात डंख थंडावला, पण खोकला गेला नाही. तिचे गाल बसले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. शेवटी कादंबरीच तिला ओढत तपासायला घेऊन गेली. क्षय निघाला. सगळ्यांनी मिरचीवर ढकललं, त्यात आपणही, मायक्रोबायोलॉजीवाली, हे आठवलं की कादंबरीला स्वतःच्या पदवीचा कागद टराटरा फाडावासा वाटे.

शेवंतीने गोळ्या चुकवल्या नाहीत. वर्ष फिरलं, कोर्स संपला, थुंकी दोनदा तपासून स्वच्छ आली. डॉक्टर म्हणाले, आता हिच्यापासून कुणाला काही नाही. कादंबरीच्या घरी अपेक्षा बाळंतपणाला आलेली होती, पाळण्यात तान्हं होतं, म्हणून तिने बाळाच्या डॉक्टरांनाही विचारून घेतलं. मग पुन्हा एकदा फोन करून विचारलं. दोन्ही वेळेला तेच उत्तर.

कार्तिक लागला. चौघींचा एक ठरलेला बेत होता, आवळीभोजनाचा. सुभद्राच्या जुन्या क्वार्टर्सच्या आवारात आवळ्याचं एक झाड आहे. त्याच्याखाली सतरंजी टाकून जेवायचं. झाडाखाली कावळ्यांची शिट, भिंतीलगत उंदरांची बिळं, नळाशेजारी शेवाळलेला ओटा. दरवर्षी कादंबरी आधी अर्धा तास झाडू मारून घ्यायची. यंदा शेवंती येणार होती, आजारानंतर पहिल्यांदा. दोनदा फोन करून तिने विचारलं होतं, "येऊ ना गो मी?" कादंबरी म्हणाली होती, "म्हणजे काय, ये."

शेवंती नवी साडी नेसून आली. सोबत काळ्या वाटाण्याच्या सांबाराचा मोठा डबा आणि कापडात बांधलेले वडे. बसल्या. मेघनाने ताटं मांडली. दोन स्टीलची, कादंबरीची तिची स्वतःची ताटली, आणि चौथी कागदाची पत्रावळ. ताकाच्या लोट्याशेजारी दोन पेले, नेहमीसारखे फिरते, आणि त्यापासून हातभर लांब एक कागदी कप.

"हा कुणाचा?" कादंबरीने विचारलं.

"शेवंतीचा. तिलाच बरं, धुवायची कटकट नाही," मेघना म्हणाली. हातावर निळं सॅनिटायझर ओतून ती दोन्ही तळवे चोळत होती. त्या वासाने ताकाचा वास मेला.

शेवंतीने पत्रावळ स्वतःकडे ओढून घेतली. "बरोबर आहे. खबरदारी घ्यायलाच हवी."

मसालेभात वाढला, पुऱ्या वाढल्या, कादंबरीने आणलेलं वालाचं बिरडं वाढलं. सांबाराच्या डब्याचं झाकण कुणी काढलं नाही. मेघना म्हणाली, आज फार तिखट नको. सुभद्रा म्हणाली, हो, फार तिखट नको. शेवंती डब्याकडे न बघता भात कालवत होती. ती सतरंजीच्या टोकाला बसली होती, सावली संपते तिथे, आणि नव्या साडीच्या खांद्यावर ऊन आलं होतं.

कादंबरीच्या तोंडात पुरीचा घास फुगत गेला. तिला ओळखीची मळमळ सुरू झाली, पण समोर ना शिट होती, ना शेंबूड. समोर मेघनाचे स्वच्छ, चोळून लाल झालेले हात होते.

"ताटाने पसरत नाही क्षय," ती म्हणाली. "आणि आता तर कशानेच नाही. कोर्स पुरा झालाय तिचा."

"आम्हाला कळत नाही का?" मेघनाने आवाज खाली आणला. "तुझ्यासाठीच करतोय. तुझ्या घरी तान्हं आहे."

"माझ्या नातवाला मधे घालू नकोस."

"बरं. मग तुझ्या पेल्याचं सांग. इतकी वर्षं तू आमच्यात बसून वेगळं पितेस, आम्ही काय रोगी होतो? तेव्हा कुणी तोंड उघडलं? शेवंतीचा वेगळा ठेवला तर एवढं झोंबलं?"

सुभद्रा म्हणाली, "हो, ते पण खरंच."

कादंबरीने खाली पाहिलं. तिला तिचा पेला दिसला, सतरंजीवर तिच्या गुडघ्याशी, घासून चकचकीत केलेला. इतकी वर्षं तो या तिघींच्या मधोमध बसला होता आणि त्यांनी तो गिळून घेतला होता. आता त्याच्याच आधाराने त्या शेवंतीला बाहेर सरकवत होत्या. मेघनाची किळस आली, सुभद्राची आली, पण सगळ्यांत जास्त त्या चकचकीत भांड्याची आली.

"मला आहे तो रोगच आहे," ती म्हणाली. "तिचा बरा झाला, माझा झाला नाही. एवढाच फरक."

तिने डब्याचं झाकण काढलं, चमच्याने सांबार आपल्या ताटलीत घेतलं, एक वडा घेतला, आणि ताटली उचलून उन्हात शेवंतीच्या शेजारी जाऊन बसली.

शेवंतीने तिरक्या नजरेने पाहिलं. "नाटक नको गो. माझ्या पानातलं उचलशील, मग ओकशील, आणि ह्या म्हणतील शेवंतीमुळे ओकली."

"तुझ्या पानातलं कोण खातंय? डब्यातलं खातेय."

"मीठ बरोबर आहे?"

"कमी आहे."

"असूच दे. घाबरून कमी घातलं."

 आवळे न वेचताच सगळ्या उठल्या. डबा जवळजवळ भरलेलाच परत गेला. बसस्टॉपपर्यंत कादंबरीने तो धरला होता. बस येताच शेवंतीने तो तिच्या हातातून काढून घेतला.

आठवडाभरात फोनवर एक नवा ग्रुप उघडला. जुन्याचं नाव 'रविवारच्या' होतं, याचं 'रविवारच्या न्यू'. मेघना, सुभद्रा, मेघनाच्या सोसायटीतल्या दोघी, आणि कादंबरी. पहिलाच निरोप, जानेवारीत अलिबागला मडक्यात भाजलेली वालाच्या शेंगांची पोपटी खायला जायचं, कोण कोण येणार. त्याखाली हसरे चेहरे, मडक्याचा फोटो, फुलं. कादंबरीने तो निरोप दिवसभर न वाचल्यासारखा ठेवला. रात्री ती भाकरी थापत असताना अपेक्षाने विचारलं, "आई, जाणार आहेस?"

"शेवंती नाही त्यात."

"मग तू सांग त्यांना, तिला घ्या म्हणून."

"सांगून घेतलेली बाई कागदी कपातच पिणार." तिने पिठाचे हात धुतले आणि ग्रुपमधून बाहेर पडली. लगेच मेघनाचा फोन आला. तिने तो वाजू दिला.

माघात एका रविवारी ती घोडपदेवला गेली आणि शेवंतीला घेऊन शिवडीच्या जेट्टीवर आली. फ्लेमिंगो आलेत, असं अपेक्षाने सांगितलं होतं. ओहोटी होती. पाणी मागे हटलेलं आणि पुढे नजर जाईल तिथवर काळा चिखल, त्यावर तेलाचा तवंग, बाटल्या, डायपर. नासलेली अंडी आणि डिझेल एकत्र शिजवल्यासारखा वास. कादंबरीने पदर नाकाशी धरला. चिखलात शेकडो गुलाबी पक्षी, माना खाली घालून तीच घाण चाळत होते.

"लांबून काय नवरीसारखे दिसतात," शेवंती म्हणाली.

"जवळून गटारात तोंड घातलंय."

"त्याच्यातच त्यांचं पोट भरतं, बीएस्सी." चालण्याने तिला धाप लागली होती. ती कठड्याला टेकली. "मला दया दाखवायला आणलंस का?"

"नाही. मला दुसरं कोण आहे?"

शेवंती हसली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. मोठा, छातीच्या तळातून आलेला. फोटो काढणारं एक जोडपं वळून बघून पलीकडे गेलं. आणि कादंबरीही, मनात काही यायच्या आत, एक पाऊल मागे सरकली.

ठसका थांबला. शेवंतीने तोंड पुसलं.

"सरकलीस," ती म्हणाली.

"सरकले," कादंबरी म्हणाली. तिचे कान तापले होते. सॅनिटायझर चोळणारे मेघनाचे हात तिला आठवले, आणि तिने पदर नाकावरून खाली सोडला.

"मग आता इथे ये परत. एकटीने बघायला काही मजा नाही."

कादंबरी कठड्याशी आली, शेवंतीच्या दंडाला दंड लावून उभी राहिली. वास पूर्ण नाकात गेला. तिने पदर कमरेला खोचला. 

"पुढच्या रविवारी राणीबाग," शेवंती म्हणाली. "वाघाचा वास याच्यापेक्षा बरा असेल."

"तिकडे सकाळीच जाऊ. नंतर गर्दी होते."